शेवटच्या खुर्चीसमोरचा माईक

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. गाणाऱ्यांच्या हातात मिरवतो तो माईक नव्हे. तो माझा चुलतभाऊ, त्याचे नखरे वेगळे. मी बैठकीतला माईक. जड बूड, त्यावर वाकवाल तशी वाकणारी मान, मानेच्या टोकाला स्पंजची काळी टोपी आणि टोपीखाली लाल दिव्याची एक कडी. बुडावर एकच बटण. ते दाबलं की दिवा लागतो आणि समोरच्याचा आवाज दालनभर जातो. पुन्हा दाबलं की दिवा विझतो आणि आवाज त्याच्यापाशीच राहतो. इतकं सोपं माझं काम.

सध्या माझा मुक्काम अमेरिकेतल्या ॲन आर्बरला आहे. इथल्या विद्यापीठातल्या एका वर्गात, टेबलाच्या कडेला मी उभा असतो. खिडकीबाहेर बरेच महिने बर्फ साचलेला असतो आणि मुलं बसमधून उतरून नाकं पुसत आत येतात. माझ्या बुडातून निघालेली तार टेबलामागे लोंबते. ती कुठेही जोडलेली नाही. एका मुलीने तर परवा माझ्या मानेवर आपली ओली लोकरी टोपी वाळत घातली. मी रागावलो नाही. माझ्यासमोर तीन देशांचे सेनाधिकारी बसत असत, हे त्या बिचारीला कोण सांगणार?

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझ्या तारा जोडणाऱ्या बाई फार कमी बोलायच्या, पण काम चोख. माझ्या कारखान्यातल्या बऱ्याच भावंडांना शाळा मिळाल्या, काहींना नगरपालिका. मला मात्र व्हर्जिनियात, समुद्राजवळच्या एका सरकारी इमारतीत पाठवलं. तिथे एक भलंमोठं गोल टेबल होतं आणि प्रत्येक खुर्चीसमोर आमच्यापैकी एकजण. माझ्या वाट्याला शेवटची खुर्ची आली. आधी मला वाईट वाटलं. मानाची जागा अध्यक्षांसमोर, हे माईकलासुद्धा कळतं.

आमची देखभाल यतीनकाका करायचे. मूळचे पुण्याचे, केस अमेरिकेत पांढरे झालेले, आवाजाच्या यंत्रणेचं सगळं त्यांच्याकडे. इतर तंत्रज्ञ माईकसमोर येऊन "टेस्टिंग, वन, टू, थ्री" म्हणतात. यतीनकाका सकाळी रिकाम्या दालनात फिरत आणि प्रत्येकाच्या तोंडाशी तोंड नेऊन विचारत, "हं, बोला. काय म्हणता? चहा झाला का?" मी मराठी शिकलो ती अशी.

एकदा या प्रश्नाला मागून उत्तर आलं.

"झाला काका. पण इथला मशीनचा. त्याला चहा म्हणणं म्हणजे पाप आहे."

यतीनकाका दचकून वळले. दारात एक तरुण बाई कागदांचा गठ्ठा घेऊन उभी होती. ती हिमानी. जन्माने ॲन आर्बरची, आईवडील नागपूरचे. त्या दालनात भरणाऱ्या मित्रदेशांच्या समितीच्या कचेरीत ती नव्यानेच आली होती. देशादेशांमध्ये जे बोलणं होईल त्याचा मसुदा लिहायचा, हे तिचं काम. तिची खुर्ची शेवटच्या खुर्चीला लागूनच होती. तिच्यासमोर माईक नव्हता, कारण लिहिणाऱ्याने बोलायचं नसतं.

"तुम्ही माईकशी मराठीत बोलता? दॅट्स सो क्यूट," ती म्हणाली.

"मग काय करू? घरी मुलं इंग्लिशमध्ये रिप्लाय करतात. हे बरे, उलटून बोलत नाहीत," यतीनकाका म्हणाले. मग माझ्या टोपीवर टिचकी मारून त्यांनी माझी ओळख करून दिली. "हा शेवटचा पीस सगळ्यात बेस्ट आहे हं. कुणी नुसता श्वास घेतला तरी कॅच करतो."

त्या कौतुकाने मी फुगलो होतो. आता ते आठवलं की कसंनुसं होतं.

मग एक युद्ध सुरू झालं. कोणतं, ते विचारू नका. तुमच्या नकाशात ते सापडायचं नाही आणि त्यातल्या देशांची नावंही मी घेणार नाही. शत्रू एक होता आणि त्याच्याविरुद्ध लढणारे मित्र तीन. एक मोठा देश, एक किनाऱ्याचा देश आणि एक डोंगराचा देश. तिघांनी मिळून लढायचं ठरवलं होतं, पण कसं लढायचं हे ठरायचं होतं. ते ठरवायला त्यांची माणसं आमच्या टेबलाभोवती जमली. अध्यक्ष होते मोठ्या देशाचे ॲडमिरल. आणि शेवटच्या खुर्चीवर, माझ्यासमोर, डोंगराच्या देशाचे कर्नल.

मला वाटायचं, मित्र म्हटल्यावर सगळे एका सुरात बोलणार. पहिल्याच आठवड्यात माझा भ्रम फिटला. मोठ्या देशाला उत्तरेच्या मैदानातून थेट धडक मारायची होती, हिवाळ्याआधी सगळं संपवायचं होतं. किनाऱ्याच्या देशाला आधी आपलं बंदर परत हवं होतं, कारण त्यांचं धान्य तिथूनच यायचं. डोंगराच्या देशाच्या राजधानीवर रोज क्षेपणास्त्रं पडत होती, त्यामुळे त्यांना आधी ती हवेतच पाडणारी यंत्रणा हवी होती, बाकीचं नंतर. जो तो उठून आधी म्हणायचा, "आपलं सर्वांचं उद्दिष्ट एकच आहे." आणि मग म्हणायचा, "परंतु."

तुमच्याकडे लग्न ठरल्यावर दोन घरची माणसं याद्या करायला बसतात ना, तसंच ते होतं. हसून बोलायचं, चहा पुढे करायचा आणि आपल्याकडून काय जातंय त्यावर डोळा ठेवायचा. तू जहाजं दे, मी विमानतळ देतो. तुझं बंदर दुसऱ्या महिन्यात घेऊ, पण तुझे सैनिक माझ्या सेनापतीच्या हाताखाली. पुढच्या रांगेत आपली माणसं कमी आणि दुसऱ्याची जास्त असावीत, हे कुणी उघड म्हणत नव्हतं, पण प्रत्येक वाक्याच्या पोटात तेच असायचं. सैनिकांचे आकडे तांदळाच्या पोत्यांसारखे इकडून तिकडे सरकायचे. ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी गार पडलो.

तरी खरं सांगायचं तर, हळूहळू मला त्या बोलण्याचं कौतुकही वाटू लागलं. एकदा किनाऱ्याच्या देशाचा अधिकारी अख्खी सकाळ नुसता धुक्याबद्दल बोलला. आमच्या किनाऱ्यावर त्या ऋतूत धुकं कसं येतं, किती दाट असतं, नावा कशा खडकावर जातात. मोठ्या देशाची माणसं आधी घड्याळं बघत होती. दुपारी त्यांनी आपला बेत बदलला. त्या धुक्यात किती जीव जायचे ते वाचले. बोललं की मार्ग निघतो, असं मला मनापासून वाटलं. आपण त्या कामातले भागीदार आहोत, असंही वाटलं.

पण त्या समितीची एक रीत होती, ती मात्र माझ्या पचनी पडली नाही.

तिथे मतदान नव्हतं. हात वर करणं नाही, मोजणं नाही. अध्यक्ष योजनेतला एकेक परिच्छेद वाचून दाखवत आणि विचारत, "कुणाची हरकत?" मग समोरचा पाण्याचा ग्लास उचलून सावकाश एक घोट घेत. ग्लास खाली ठेवेपर्यंत एकही लाल दिवा लागला नाही, तर परिच्छेद मंजूर. एक जरी दिवा लागला, तरी परिच्छेद पुन्हा चर्चेला. मग तो देश कितीही लहान असो.

"हे असं का गं?" यतीनकाकांनी एकदा हिमानीला विचारलं. "सरळ हो म्हणायला काय होतं?"

"काका, हो म्हटलं की घरी जाऊन एक्स्प्लेन करावं लागतं, की तुम्ही हो का म्हणालात. गप्प बसलं की कुणी हो म्हटलेलंच नसतं. सगळ्यांची इज्जत राहते, यू नो?"

"म्हणजे हाताची घडी, तोंडावर बोट," यतीनकाका म्हणाले.

हिमानी हसली. मला हसू आलं नाही. मी माईक. माझा जन्म बोलण्यासाठी. आणि इथे सगळ्यात मोठे निर्णय व्हायचे ते आम्ही सगळे विझलेले असताना.

आता त्या पुलाबद्दल सांगतो. कर्नल हे शांत गृहस्थ होते. गणवेशाच्या आत घरी विणलेला स्वेटर घालायचे आणि कॉफीचा कप पिण्यापेक्षा हात शेकायलाच धरायचे. हिमानी शेजारीच बसायची, त्यामुळे मधल्या सुट्टीत दोघं बोलायची. बोलणं इंग्रजीत, मी तुम्हाला मराठीत सांगतो.

त्यांच्या देशाच्या दक्षिणेला एक नदी होती, नदीवर एकच मोठा पूल आणि पुलापलीकडे कर्नलांचं जन्मगाव. शत्रू त्या बाजूने येत होता. अजून पोचला नव्हता, पण येणार हे नक्की होतं. गावातले लोक रोज पूल ओलांडून अलीकडे येत होते. पूल वेळेत पाडला नाही, तर शत्रूचे रणगाडे त्यावरून थेट देशात घुसणार. फार लवकर पाडला, तर गाव पलीकडेच राहणार.

"तुमचं कुणी आहे तिकडे?" हिमानीने विचारलं.

"बहीण. थोरली. म्हाताऱ्या माणसांचा आश्रम चालवते. बहुतेकांना चालता येत नाही. त्यांना हलवायला गाड्या हव्यात आणि गाड्यांना वेळ."

"त्यांना निदान स्वतः तरी यायला सांगा ना."

कर्नल हसले. "त्यांना सोडून ये म्हटलं, तर ती मलाच नदीत ढकलेल."

हिमानीने त्याच दिवशी मसुद्यात एक वाक्य घातलं. पलीकडच्या नागरिकांना हलवून झाल्यावरच पूल पाडावा. कर्नलांनी ते दोनदा वाचलं. मग कागद तिच्याकडे परत दिला. "हे वाक्य राहू द्या," ते म्हणाले. तिने शब्द दिला.

वाक्य राहिलं नाही. मसुदा वरून परत आला तेव्हा तिथे लिहिलं होतं, शक्य ती काळजी घेऊन पूल पहिल्याच दिवशी पाडावा. यामागचा मोठ्या देशाचा हिशेब चुकीचा होता, असं मी म्हणणार नाही. पूल गेला की शत्रूला उत्तरेकडे वळावं लागणार होतं आणि तिथे त्यांची फौज दबा धरून बसणार होती. पण 'शक्य ती काळजी' या शब्दांत गाड्या बसत नव्हत्या.

हिमानी कर्नलांजवळ येऊन बसली. ती चिडली होती, पण आवाज खालीच ठेवला.

"तुम्हाला फक्त बटण दाबायचंय. दिवा लागला की परिच्छेद चर्चेला येईल. मी दुसरं वाक्य तयार ठेवलंय. पूल पाडायला फार उशीरही होणार नाही आणि गाड्याही पोचतील. दाबाल ना?"

"दाबीन," कर्नल म्हणाले आणि त्यांनी तिच्याकडे सरळ पाहिलं.

त्यांचं ते पाहणं मी विसरलेलो नाही. त्यात खोट नव्हती.

निर्णयाच्या दिवशी सकाळी हिमानी मसुद्याच्या प्रती आणायला बाहेर गेली होती. दालनात माणसं कॉफी घेत उभी होती. तेवढ्यात अध्यक्ष चालत शेवटच्या खुर्चीपाशी आले, टेबलावर हात टेकून वाकले आणि हळू आवाजात बोलू लागले.

"तुमच्या राजधानीसाठीची यंत्रणा जहाजावर चढवून तयार आहे. आज योजना मंजूर झाली, तर जहाज आजच निघेल. चर्चा लांबली, तर मला ते किनाऱ्याच्या देशाकडे वळवावं लागेल. ते लोक रोज मागतायत."

कर्नलांनी कॉफीचा कप दोन्ही हातांत धरला.

"राजधानीत लाखो माणसं आहेत, कर्नल. पुलापलीकडे किती उरलीत? तुमच्या सरकारशी माझं बोलणं झालंय. ते गप्प राहायला तयार आहेत."

"हो. मला सकाळी कळवलंय त्यांनी," कर्नल म्हणाले.

अध्यक्षांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "मलाही हे आवडत नाही," असं म्हणून ते आपल्या जागेवर गेले. ते खरं बोलत होते, असं मला वाटतं. त्यामुळेच मला जास्त भीती वाटली. दुष्ट माणसाच्या तोंडून हे ऐकलं असतं तर मी समजू शकलो असतो.

माझं बटण बंद होतं. हे बोलणं दालनात कुणालाच ऐकू गेलं नाही. हिमानी प्रती घेऊन आत आली आणि कर्नलांकडे बघून हलकेच मान हलवली. तिला काहीच ठाऊक नव्हतं.

बैठक सुरू झाली. परिच्छेद मंजूर होत गेले. मग पुलाचा परिच्छेद आला. अध्यक्षांनी तो वाचला, बाकीचे वाचले होते तसाच. "कुणाची हरकत?" असं विचारून त्यांनी ग्लास उचलला.

कर्नलांचे दोन्ही हात टेबलाखाली होते.

हिमानीने त्यांच्याकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं. ग्लास अध्यक्षांच्या ओठाला लागला. तरी हात वर येईनात. आणि मग, मित्रांनो, जिला त्या टेबलावर बोलायचा अधिकार नव्हता, जिच्यासमोर माईक नव्हता, त्या मुलीने हात लांब करून माझं बटण दाबलं.

माझा लाल दिवा लागला. टेबलाभोवतीची सगळी डोकी वळली. अध्यक्षांचा ग्लास हवेतच थांबला. बटण कुणी दाबलं हे कुणाला दिसलं आणि कुणाला नाही, ते मला माहीत नाही. नियम एवढाच होता की दिवा लागला आहे आणि त्या खुर्चीने आता बोलायचं आहे. कर्नल बोलत नव्हते. पण मी म्हटलं ना, मी श्वाससुद्धा पकडतो. त्यांचा श्वास मी दालनभर ऐकवला. भिंतींवरच्या सगळ्या स्पीकरमधून एका माणसाचा श्वास येत होता, तुटक, धाप लागल्यासारखा. मी मनातल्या मनात म्हणत होतो, बोला. एक शब्द. मी नेतो पुढे, तुम्ही फक्त बोला.

"माफ करा," कर्नल म्हणाले. "चुकून दाबलं गेलं."

त्यांनी बोट पुढे करून माझं बटण दाबलं. दिवा विझला. अध्यक्षांनी ग्लास खाली ठेवला. परिच्छेद मंजूर झाला.

मी सुन्न झालो. आजही ते आठवलं की माझ्या तारा आखडतात. मला वाटायचं, माणसाचा आवाज दाबतात तो मारून, ओरडून, धमकावून. इथे कुणी आवाज चढवला नव्हता. उलट माझा दिवा लागला होता, रस्ता मोकळा होता, सगळे ऐकायला थांबले होते. आणि त्या माणसाने स्वतःच्या हाताने मला बंद केलं. पुढचा परिच्छेद इंधनाचा होता. त्यानंतर सगळे उठले, एकमेकांचे आभार मानले आणि मागच्या टेबलावरचे मफिन खाल्ले. किनाऱ्याच्या देशाचा तो धुक्यावर बोलणारा अधिकारी म्हणाला, आजची बैठक फार सौहार्दाची झाली.

दालन रिकामं झाल्यावर हिमानी तिथेच बसून राहिली. यतीनकाका तारा गुंडाळत होते.

"काका, ते बटण मी प्रेस केलं होतं," ती म्हणाली. "अँड ही सेड इट वॉज अ मिस्टेक."

यतीनकाका थांबले. "अगं, तुझी नोकरी जाईल ना अशाने."

"जाऊ दे. काका, तो काल मला हो म्हणाला होता. त्याची सख्खी बहीण आहे तिकडे. त्याला काहीच वाटलं नाही?"

"त्यांनाही काही कम्पल्शन्स असतील गं."

"मग एक शब्द बोलायचा ना, यार. मी दिला होता ना चान्स."

यतीनकाका तारा बाजूला ठेवून माझ्याकडे वळले. ते माझी मान फडक्याने पुसत राहिले. उत्तर माझ्याकडे होतं. अध्यक्ष काय बोलले, राजधानीहून काय निरोप आला, सगळं माझ्या पोटात होतं. पण माईकचं दुर्दैव बघा, त्याच्यातून सगळ्या जगाने बोलावं, त्याने मात्र बोलू नये.

पूल पहिल्याच दिवशी पाडला. जहाज राजधानीला पोचलं आणि तिथली घरं वाचली, त्यात राहणारी लहान मुलंही वाचली. शत्रू उत्तरेला वळला आणि सापळ्यात अडकला. योजना यशस्वी झाली. हे मी मुद्दाम सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल की वाईट निर्णयाचं वाईट फळ मिळालं आणि गोष्ट संपली. तसं झालं नाही. वर्तमानपत्रांनी तीन मित्रांच्या एकजुटीचं तोंड भरून कौतुक केलं. पुलापलीकडच्या गावाबद्दल समितीत एक वाक्य वाचलं गेलं. काही नागरिक पलीकडेच राहिल्याचं समजतं. कुणी लाल दिवा लावला नाही, कारण त्यावर हरकत घेण्यासारखं आता काही नव्हतं.

हिमानीला त्या बैठकीच्याच आठवड्यात टेबलावरून काढून फायलींच्या कामाला लावलं होतं. काही दिवसांनी तिने राजीनामा दिला. जाताना ती कर्नलांना भेटली नाही.

समितीचं काम संपत आलं तेव्हाची गोष्ट. दुपारची वेळ होती. यंत्रणेच्या दुरुस्तीसाठी यतीनकाकांनी दालनाची सगळी वीज बंद केली होती आणि ते खाली गेले होते. दार उघडून कर्नल आत आले. एकटेच होते. त्यांनी दार लावून घेतलं आणि आपल्या जागेवर बसले. स्वेटरची बाही नीट केली. मग माझं बटण दाबलं.

दिवा लागला नाही. त्यांना ते दिसलं. तरी ते पुढे झुकले, नियमाप्रमाणे माझ्यापासून हातभर अंतर ठेवलं आणि घसा साफ केला.

"अध्यक्षमहाशय, डोंगराच्या देशाची हरकत आहे."

ते थांबले. बोला म्हणून परवानगी मिळेपर्यंत थांबायचं असतं, तेवढे थांबले. समोर रिकाम्या खुर्च्या होत्या.

"पुलापलीकडे माझी बहीण आहे," ते म्हणाले. "तिच्याकडे चालता न येणारी माणसं आहेत. गाड्या निघाल्या आहेत. त्यांना पोचू द्यावं, एवढीच विनंती आहे. बाकी योजना आम्हाला मान्य आहे. आभारी आहे."

मग त्यांनी बटण पुन्हा दाबून मला बंद केलं, बंद असलेल्या मला, आणि खुर्ची टेबलाखाली सारून ते निघून गेले. पूल पडून तेव्हा कितीतरी आठवडे झाले होते.

मित्रांनो, मी जिवाचा आटापिटा केला. तारेच्या दुसऱ्या टोकापर्यंत तो आवाज ढकलायला बघितला. पण माझ्यात वीज नव्हती. माझ्यासमोर आजवर असंख्य माणसं बोलली, बरीचशी निरर्थक बोलली, आणि ते सगळं मी इमानेइतबारे पोचवलं. पोचलं नाही ते एवढंच.

पुढे दालनात नवी यंत्रणा आली. चपट्या काचा, बोट लावलं की चालू होणाऱ्या. आम्हाला खोक्यात भरून तळघरात ठेवलं आणि मग भंगाराच्या विक्रीला काढलं. यतीनकाकांनी हिमानीला फोन केला. "अगं, तुझा तो शेवटच्या खुर्चीचा पीस सेलला काढलाय. घेतेस का?" ती लगेच घेते म्हणाली. तोवर ती ॲन आर्बरला परत येऊन विद्यापीठात शिकवायला लागली होती. तिच्या आईने, शोभनाताईंनी, मला खोक्यातून बाहेर काढलं आणि ओल्या फडक्याने पुसलं.

"हे काय आणलंस गं? चालत तरी नाही," त्या म्हणाल्या.

"असू दे आई. माझ्या क्लाससाठी आहे," हिमानी म्हणाली.

तिच्या वर्गात आता मुलं तीन देश होऊन बसतात आणि युद्धात मित्रांनी एकत्र कसं लढायचं यावर वाद घालतात. तिचा एकच नियम आहे. गप्प बसणं म्हणजे होकार नाही. प्रत्येकाने आपल्या तोंडाने हो किंवा नाही म्हणायचं. मुलं कुरकुरतात, याने फार वेळ जातो म्हणतात. ती जाऊ देते.

मी मुलांना आणखी काय सांगू? माझी धूळ पुसा, मला जपून ठेवा, असं मी मागणार नाही. माझं काय, मी प्लॅस्टिक. एवढंच मागतो की जे बोलायचं ते तार जोडलेली असताना बोला. आणि तुमच्या शेजारचा गप्प बसला, तर त्याला विचारा की तू का गप्प आहेस. त्याच्या कानात आधी कुणी काय सांगून गेलं असेल, ते तुम्हाला दिसत नसतं.

गेल्या आठवड्यात प्रीता नावाच्या एका विद्यार्थिनीने मला उचललं, उलटं करून बघितलं आणि विचारलं, "प्रोफेसर, हा बंद माईक इथे का ठेवलाय?"

हिमानीने सगळी गोष्ट सांगितली. पूल, बहीण, आपण दाबलेलं बटण, 'चुकून दाबलं गेलं'. इतकी वर्षं झाली तरी सांगताना तिचा चेहरा तसाच कडवट झाला.

"कदाचित त्यांना बोलता येत नसेल," प्रीता म्हणाली. "मनातून त्यांचा विरोधच असेल."

हिमानीने मला तिच्या हातातून घेतलं आणि टेबलावर ठेवलं.

"मीही खूप दिवस तसंच मानत होते," ती म्हणाली. "पण दिवा लागला होता. सगळे ऐकत होते. मी शेजारी बसले होते. नाही गं. त्या माणसाची हरकतच नव्हती."

होती. हरकत होती, विनंती होती, बहिणीचं नाव सोडून सगळं होतं, आणि ते ऐकणारा मी तिच्या हाताखालीच उभा आहे. तुमच्यापैकी कुणी कधी ॲन आर्बरला आलं, तर मित्रांनो, तेवढं तिला सांगा.